काळ्या रानाचे प्रश्न: कृष्णाकाठ आणि हिमसरोवराचं मैदान

मी सांगलीत माती-पाणी तपासणीचं काम करतो. टेबलावर रोज मातीच्या पिशव्या येतात आणि पिशवीमागून प्रश्न येतात. दोन वर्षांपूर्वी माझा भाचा अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात शिकायला गेला. उन्हाळा सरताना त्याने एक फोटो पाठवला. काळंभोर रान, त्यात हात जाईल एवढी भेग आणि भेगेत उभी धरलेली मोजपट्टी. खाली एक ओळ होती, "मामा, ओळखा कुठलं." मी तो फोटो टेबलापुढे बसलेल्या चौघांना दाखवला. एक म्हणाला कवठेपिरान, दुसरा म्हणाला दुधगाव, उरलेले दोघे मिरज म्हणून मोकळे झाले. फार्गो कुणीच म्हटलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दोन मातींचे प्रश्न एकत्र येतात. एक आपली कृष्णाकाठची काळी, दुसरी फार्गोची, हिमसरोवराच्या तळाची काळी. परत परत विचारले जाणारे प्रश्न इथे लिहून काढले आहेत.

हिमसरोवराचं मैदान म्हणजे नेमकं काय?

हिमयुगात उत्तर अमेरिकेचा आणि उत्तर युरोपचा मोठा भाग बर्फाच्या जाड थराखाली होता. हवा तापू लागली तसा बर्फ उत्तरेकडे हटू लागला. वितळलेल्या पाण्याला जायचं होतं उत्तरेलाच, कारण उतार तिकडे होता. पण वाटेत बर्फ आडवा. धरणाची भिंतच बर्फाची म्हणा ना. त्या भिंतीच्या दक्षिणेला पाणी तुंबून अवाढव्य सरोवरं झाली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं अगासिझ सरोवर. साधारण १४,००० ते ८,००० वर्षांपूर्वी ते होतं आणि ऐन भरात उत्तर अमेरिकेतल्या आजच्या पाचही ग्रेट लेक्सच्या एकत्र क्षेत्राहून मोठं होतं. वॉरन अपहॅम या भूवैज्ञानिकाने १८७९ मध्ये त्याला हिमनद्यांचे अभ्यासक लुई अगासिझ यांचं नाव दिलं.

बर्फाची भिंत गेली, पाणी निघून गेलं, तळ उरला. त्याचाच दक्षिणेकडचा भाग आज रेड नदीचं खोरं म्हणून ओळखला जातो. फार्गो तिथेच आहे. नाव खोऱ्याचं असलं तरी नदीने ते कोरलेलं नाही. नदी नंतर आली आणि सपाट तळावरून वाट काढत राहिली. उतार किलोमीटरमागे वीतभरही नाही.

मग आपल्या सांगली-साताऱ्यात कधी हिमनदी होती का?

नाही. त्या हिमयुगात इथे बर्फाचा थर नव्हता. आपला पाया सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा, म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. त्या खडकाची झीज झाली, काही माती जागेवर राहिली, काही कृष्णा, कोयना, वारणा, येरळा यांनी वाहून आणून पसरली.

महाराष्ट्रात हिमनदीची खूण बघायचीच असेल तर चंद्रपूरजवळ इरईला जावं लागतं. तिथल्या खडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे आहेत. पण ते जवळजवळ ३० कोटी वर्षांपूर्वीचे, गोंडवन काळातले. आपल्या मातीशी त्यांचा संबंध नाही.

सरोवरात गाळ बसतो तो नदीच्या गाळाहून वेगळा कसा?

घरी करून बघा. काचेची उभट बरणी घ्या, तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. झाकण लावून पाच मिनिटं हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते. पोयटा, म्हणजे पिठासारखा बारीक कण, काही तासांत. चिकणमातीच्या कणांना मात्र घाई नसते. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा वरचं पाणी गढूळ दिसेल. हा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतो. पाणी जरा हललं तरी तो पुन्हा तरंगतो.

नदीत पाणी सतत हलतं, त्यामुळे चिकण कण पुढे निघून जातो किंवा पूर पसरून थांबला तरच बसतो. हिमसरोवरात हिवाळाभर वर बर्फाचा पापुद्रा. वारा नाही, लाट नाही. अशा थिजलेल्या पाण्यात सगळ्यात बारीक कण सावकाश बसत राहतो. उन्हाळ्यात वितळपाण्याबरोबर भरड, फिकट पोयटा येतो, हिवाळ्यात काळपट चिकण थर. अशी फिकट-गडद जोडी म्हणजे एक वर्ष. तिला वार्व्ह म्हणतात. शब्द स्वीडिश आहे. स्वीडनमध्ये गेरार्ड डी गीर यांनी झाडाची वलयं मोजावीत तशा या जोड्या मोजून बर्फ कोणत्या वर्षी कुठवर हटला हे काढलं.

या थरांत मध्येच एखादा गोटा सापडतो. इतक्या मऊ गाळात दगड कसा, असं वाटेल. तरंगत्या हिमखंडात अडकून तो आला आणि खंड वितळल्यावर तळाला पडला.

त्या मैदानात सगळीकडे एकच माती असते का?

सरोवराच्या मध्यभागी, खोल पाण्यात, जाड चिकणमाती. कडेला, जिथे लाटा आपटायच्या, तिथे वाळू-गोट्यांचे लांबच लांब बांध, म्हणजे जुने किनारे. नद्या जिथे सरोवरात शिरायच्या तिथे वाळूचे, पोयट्याचे त्रिभुज प्रदेश. काही मैल चाललं की माती बदलते.

आपल्याकडे हाच खेळ नदीने केला आहे. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या बाजूला काठालगतच्या रानाला आपण मळई म्हणतो. पुराचं पाणी पात्राबाहेर पडल्याबरोबर वेग मंदावतो आणि जड पोयटा काठावरच टाकून देतो. ती माती भुसभुशीत, वाफशावर लवकर येणारी. काठापासून लांब गेलात की पाणी शांत होतं आणि चिकण कण बसतो. तिथे काळी भारी. एकाच शिवारातल्या दोन रानांची पाण्याची पाळी वेगळी का ठेवायची, त्याचं उत्तर यात आहे. तरी शेजारच्याचं बघून पाणी देणारे कमी नाहीत.

फार्गोची आणि आपली माती एकाच गटात मोडते हे खरं का?

खरं आहे. दोन्ही व्हर्टिसॉल. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली मृदा वर्गीकरणाची पद्धत आपल्याकडेही वापरतात. नागपूरचं राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो याच पद्धतीने नकाशे करतं. तिच्यात आज १२ मोठे गट आहेत. व्हर्टिसॉल त्यातला एक. लॅटिनमधल्या 'उलटणे' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं.

या गटात बसायला तीन गोष्टी लागतात. वरच्या अर्ध्या मीटरभर चिकण कण ३० टक्के किंवा जास्त हवेत. वर्षात कधीतरी भेगा उघडायला आणि मिटायला हव्यात. आणि मीटरभर खोलीच्या आत मातीचे लोळ एकमेकांवर घासल्याच्या गुळगुळीत खुणा किंवा पाचरीसारखी ढेकळं सापडायला हवीत.

यात कुठेही 'लाव्हापासून झालेली' किंवा 'बर्फाने आणलेली' असं लिहिलेलं नाही. ही पद्धत मातीचं कूळ विचारत नाही, वागणूक बघते. मला तिच्यातली हीच गोष्ट सगळ्यात पटते. या गटाच्या व्याख्येत जन्मकथा येतच नाही. म्हणून पृथ्वीच्या दोन टोकांना, सर्वस्वी वेगळ्या रीतीने झालेल्या मातींना एक नाव मिळतं आणि दोघींचं दुखणंही पुष्कळसं एकच निघतं.

पण जन्म इतका वेगळा असून वागणूक एक कशी?

दोघींत एकच खनिज भरलेलं आहे, स्मेक्टाइट. पानांच्या गड्डीसारखी त्याची रचना. दोन पानांमध्ये पाणी शिरलं की गड्डी फुगते, निघालं की आकसते. आपल्याकडे बेसॉल्टमधल्या खनिजांची झीज होऊन, चुन्या-मॅग्नेशियमच्या सोबतीत ते तयार झालं आणि कमी पावसाच्या पट्ट्यात टिकलं. तिकडे हिमनदीने वाटेतला जुना सागरी शेल खडक, म्हणजे दबून घट्ट झालेला चिखल, दळला. त्या शेलमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वी पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेचे थर होते आणि राखेचं स्मेक्टाइट झालेलं होतं. बर्फाने पीठ केलं, सरोवराने चाळलं. थोडक्यात, ज्वालामुखी दोन्हीकडे आहेच. आपल्याकडे तो पायाखाली, त्यांच्याकडे राखेच्या रूपाने लांबून आलेला.

'टिपिक एपिअ‍ॅक्वर्ट' आणि 'टिपिक हॅप्लुस्टर्ट' ही नावं वाचायची कशी?

शेवटून. शेवटचं 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल. त्याआधी 'अ‍ॅक्व' आलं तर पाण्याने भिजून राहणारी, 'उस्ट' आलं तर वर्षातला बराच काळ कोरडी पण पिकाच्या हंगामात ओल असणारी. 'एपि' म्हणजे पाणी वरच्या थरात अडकून राहतं, खालून चढत नाही. 'हॅपल' म्हणजे साधी, वेगळी काही खासियत नसलेली. 'टिपिक' म्हणजे गटातला ठळक नमुना.

फार्गो नावाची मातीची जातच आहे, शहरावरून पडलेली. तिचं पूर्ण नाव बारीक पोताची, स्मेक्टाइटयुक्त, थंड, टिपिक एपिअ‍ॅक्वर्ट असं होतं. 'थंड' ही पण मोजून ठरवलेली पायरी आहे. तिथे मातीचं वर्षाचं सरासरी तापमान ८ अंश सेल्सिअसच्या खाली असतं. आपल्याकडे ते २२ च्या वर. आपली खोल काळी बहुतेक ठिकाणी टिपिक हॅप्लुस्टर्ट. ज्या रानात सोडियम वाढलेलं आहे तिथे 'टिपिक'च्या जागी 'सोडिक' येतं. शेतकरी त्याला एका शब्दात चोपण म्हणतो आणि तो शब्द काही वाईट नाही.

दोन्ही माती काळ्या आहेत. मग दोन्हीत सेंद्रिय कर्ब भरपूर का?

इथेच सगळे फसतात. फार्गोची माती काळी आहे ती मुख्यतः कुजलेल्या गवतामुळे. हजारो वर्षं उंच गवताळ कुरण होतं, थंडीमुळे कुजणं सावकाश, त्यामुळे मुळांचा अंश साठत गेला. आपली माती काळी असूनही सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आत असतो. आमच्याकडे ०.५ च्या आसपासचे आकडे रोज येतात. थोडासाच ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजलेला अंश, स्मेक्टाइटच्या कणाला घट्ट चिकटतो आणि सगळ्या मातीला काळा रंग देतो.

म्हणून "माझं रान काळंभोर आहे, मला शेणखताची काय गरज" हे वाक्य ऐकलं की मी अहवालावरचा कर्बाचा आकडा बोटाने दाखवतो आणि गप्प बसतो.

भेगा पडतात त्या चांगल्या की वाईट?

उभ्या पिकाला वाईट, पांढरी मुळं तुटतात, पाणी दिलं की आधी भेगेत जातं. रानाला मात्र त्याचा उपयोग आहे. उन्हाळ्यात भेगेत वरची भुसभुशीत माती पडते. पावसाळ्यात माती फुगते, पण भेगेत आधीच माती बसलेली, मग जागा कुठे? खालचे लोळ एकमेकांवर तिरके सरकतात. वर्षानुवर्षं असं झालं की माती आपोआप खालीवर होते. 'उलटणारी' हे नाव त्यावरूनच.

गेल्या मे महिन्यात एका विहिरीच्या खोदाईत उभा होतो. साधारण तीन-साडेतीन फुटांवर जेसीबीच्या दातांनी एक मोठं ढेकूळ निसटून पडलं आणि त्याची एक बाजू चकाकली. हात फिरवला तर पाटावर ओलं बोट फिरावं तशी गुळगुळीत, तिच्यावर बारीक समांतर रेघा. खोदणारा म्हणाला, "साहेब, दात लागला असंल." दात नव्हता. वरची माती खालच्या मातीवर सरकली होती, तिचा तो ठसा. वर्गीकरणात जी खूण शोधतात ती हीच. तिथपासून हातभर खाली भेग संपली होती, कारण तिथली ओल बारा महिने बदलत नाही. माती वाळलीच नाही तर आकसणार कशाने?

या फुगण्या-आकसण्याशी नांगरटीचा काही संबंध आहे का?

आहे. फार्गोकडचे शेतकरी शरद ऋतूत रान नांगरून मोठी ढेकळं तशीच सोडतात. हिवाळ्यात ढेकळातलं पाणी गोठतं, फुगतं आणि ढेकूळ फोडतं. वसंतात रान आयतं मऊ. आपल्याकडे गोठणं नाही, पण उन्हाळी नांगरट करून रान तापू देणं हा त्याचाच भाऊ. वळवाचा पहिला पाऊस पडला की तापलेलं ढेकूळ फुलून विरघळतं. दोन्हीकडे काम निसर्ग करतो, माणसाने फक्त वेळेवर नांगर घालायचा.

दोन्हीकडे पथ्यही एकच आहे, ओल्या रानात यंत्र घालायचं नाही. ऊस तोडणीच्या घाईत भरलेली ट्रॉली ओल्या सरीतून काढली की तो चाकोरीचा पट्टा पुढची दोन वर्षं खोडव्यात दिसतो.

क्षारपड आणि चोपण यात फरक काय?

हा आमच्याकडचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि गोंधळही सगळ्यात जास्त इथेच.

रानावर पांढरं मिठासारखं फुलून आलं असेल तर ती क्षारयुक्त, म्हणजेच क्षारपड. ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत. इथे क्षार पाण्यात विरघळणारे आहेत. निचरा करून दिला तर चांगल्या पाण्याने धुऊन निघतात.

रान काळपट, तेलकट दिसत असेल, पाऊस पडून चार दिवस झाले तरी पाणी जागच्या जागी, वाळल्यावर फरशीसारखं कडक, तर ती चोपण. सामू ८.५ च्या वर आणि विनिमय सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, १५ टक्क्यांपेक्षा जास्त. सोडियम मातीच्या कणांना एकमेकांपासून विलग करतं, विलग झालेले कण छिद्रांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बंद होते. इथे नुसतं पाणी सोडून धुतलं तर हाल वाढतात. आधी जिप्सम घालून सोडियमच्या जागी कॅल्शियम आणायचं, मग धुवायचं. जिप्समची मात्रा तपासणीशिवाय ठरवू नका. एकराला इतकी पोती असा ठोक आकडा सांगणाऱ्याला तुमच्या रानाचा सोडियम माहीत नसतो.

दोन्ही एकत्र असलेलं रानही असतं. तिथे क्रम चुकला की क्षार धुतले जातात आणि मागे शुद्ध चोपण उरतं. एका ओळखीच्या रानात असं झालं. दुकानातल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून भरपूर पाणी सोडलं. पहिल्या वर्षी मालक खूश होता. पांढरं फूल गेलं होतं ना! दुसऱ्या वर्षी उसाचा कोंभ वर येईना.

निचऱ्याची पाइप घालणं हे अमेरिकेचं खूळ आहे का?

खूळ नाही. ओहायोच्या वायव्य भागात माउमी या जुन्या हिमसरोवराच्या तळावर ग्रेट ब्लॅक स्वॉम्प नावाची अफाट दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाजक्या मातीच्या नळ्या जमिनीत पुरून लोकांनी ती कोरडी केली. आज ती त्या राज्यातली उत्तम शेतजमीन आहे. नळ्या कौलासारख्या भाजलेल्या असायच्या म्हणून तिथे अजूनही निचऱ्याला 'टाइल' म्हणतात, पाइप प्लास्टिकचा झाला तरी.

आपल्याकडे त्यालाच सच्छिद्र पाइपची भूमिगत निचरा प्रणाली म्हणतात. चार-पाच फूट खोल चर, त्यात छिद्रं पाडलेली नालीदार पाइप, तिच्यावर गाळ शिरू नये म्हणून गाळणीचं कापड, आणि शेवटी मोठ्या पाइपने ओढ्यात सुटका. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या भागातल्या क्षारपड जमिनीवर बराच अभ्यास केलेला आहे.

दोन ठिकाणच्या दुखण्यात एक फरक मात्र ध्यानात ठेवा. त्यांच्याकडे पाणी तुंबतं ते सपाट तळामुळे आणि बर्फ वितळल्यामुळे, निसर्गतः. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते आपण तुंबवलं. उपसा सिंचन आलं, उसाला पाटाने पाणी सुटत राहिलं, ओढे बुजले, बांध कोरून रान वाढवलं, आणि पाण्याची पातळी चढत चढत मुळाशी आली. ते पाणी उन्हाने उडतं, क्षार वर राहतो. पाइप घालून पुन्हा पहिल्यासारखं भरमसाट पाणी सोडलं तर पैसे ओढ्याला गेले असं समजा.

आणि सुटकेची जागा आधी बघा. तुमची पाइप शेजाऱ्याच्या रानात मोकळी होणार असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला. एकट्याने करण्याचं हे काम नव्हे, ओढ्यापर्यंतच्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे.

महापुराने माती सुधारते म्हणतात, खरं का?

काठावर पोयटा बसला तर थोडंफार खरं. पण २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. इतकं पाणी जेव्हा काळ्या रानात आठ-दहा दिवस उभं राहतं तेव्हा मातीतली हवा संपते, मुळं कुजतात, जीवाणू मरतात. पाणी ओसरल्यावर वर चिकण गाळाचा पापुद्रा बसला असेल तर तो वाळून तडकल्यावर मोडून घ्या, नाहीतर खाली हवा जात नाही.

रेड नदीचा पूर वेगळ्या कारणाने येतो. ती उत्तरेकडे वाहते. दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो तेव्हा पुढचं पात्र अजून गोठलेलं असतं. पाणी जाणार कुठे? १९९७ च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्स शहर असंच बुडालं.

काळ्या रानात घर बांधायचं आहे. भिंतीला तडे जाणार का?

पाया काळ्यातच ठेवला तर जातील. माती दर वर्षी फुगते आणि आकसते, भिंत तिच्याबरोबर वरखाली होते. खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदा. तो फार खोल असेल तर तळाला फुगवटा असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, घालतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. आमचे म्हातारे बाभळीचं झाड घराजवळ लावू नको म्हणायचे, तेही याच मातीत खरं ठरतं. झाड उन्हाळ्यात ओल ओढतं आणि त्या बाजूचा पाया खचतो.

हिमसरोवराच्या चिकणमातीत फुगण्याखेरीज भाराखाली सरकण्याचा धोकाही असतो. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे १९१३ मध्ये नवं कोरं धान्यकोठार गव्हाने भरायला घेतलं आणि ते दिवसभरात सुमारे २७ अंशांनी कलंडलं. काँक्रीट मोडलं नाही, खालची मऊ सरोवरी माती बाजूला सरकली. पुढे ते सरळ करून वापरलंही. स्थापत्य शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ते चित्र बघतो.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांचा आणि मातीचा काय संबंध?

सगळाच. कृष्णा-वारणा संगमाजवळ नदीने गाळ इतका जाड टाकला आहे की खोलवर दगड-मुरूम लागत नाही. जमिनीत तोंड अरुंद आणि पोट मोठं असा खड्डा खणला तरी भिंत ढासळत नाही आणि पाणी पाझरत नाही. आत हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा जाऊ देतात. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवं निकामी झाली आणि गोदामांनी जागा घेतली. चिकण आणि पोयटा यांचा असा नेमका मेळ बरणीतल्या थरांवरून कळतो, पण हरिपूरचे पेव खणणारे तो चपातीच्या कणकेसारखा हाताने सांगायचे.

सातारा जिल्ह्यात पण अशीच माती आहे का?

साताऱ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे गाडीने गेलात तर दिवसात चार माती दिसतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चुना, सोडियम, सिलिका सगळं धुऊन गेलं, लोह-अ‍ॅल्युमिनियम उरलं. म्हणून पाचगणीच्या टेबललँडवर आणि कासच्या पठारावर जांभा. तिथे स्मेक्टाइट टिकत नाही, केओलिनाइट होतं, ते फुगत नाही. स्ट्रॉबेरीच्या तांबड्या रानात भेग का दिसत नाही, ते यावरून कळेल. वाई, कराडच्या बाजूला नदीकाठी खोल काळी. माण-खटावमध्ये पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माळावर वीतभर माती आणि खाली मुरूम. तिला वर्गीकरणात एन्टिसॉल म्हणतात, म्हणजे अजून थर न धरलेली. फलटणच्या कालव्याच्या पट्ट्यात पुन्हा चोपणाची तक्रार.

सांगली जिल्ह्यातही तसंच. मिरज-वाळवा काळं, तासगाव-आटपाडी-जत हलकं. तासगावची द्राक्षं आणि आटपाडीची डाळिंबं हलक्या, निचऱ्याच्या रानात रमली, याचं श्रेय मुरमालाही द्या.

तिकडे त्या मातीत काय पिकवतात?

रेड नदीचं खोरं अमेरिकेतला साखरेच्या बीटचा सगळ्यात मोठा पट्टा आहे. शिवाय गहू, सोयाबीन, मका. म्हणजे साखर त्यांच्या काळ्या मातीतूनही निघते, फक्त उसाऐवजी कंदातून. भाच्याने बीटच्या ढिगाऱ्यांचे फोटो पाठवले तेव्हा मला आपल्या गाळप हंगामाची आठवण झाली. रस्त्यावर चिखल सांडतो, तोही तसाच.

भारतात हिमसरोवराची किंवा सरोवराच्या तळाची माती बघायला मिळेल का?

काश्मीरमध्ये करेवा म्हणतात ती पठारं जुन्या सरोवराच्या गाळाची आहेत, वर वाऱ्याने आणलेली बारीक माती. पांपूरचं केशर त्याच करेव्यावर पिकतं. लडाखला बुलेटवर जाणारी आपली पोरं लामायुरूच्या पिवळट 'मूनलँड'समोर फोटो काढतात, तोही जुन्या सरोवराचाच गाळ. फार्गोसारखं अफाट सपाट मैदान मात्र हिमालयात नाही. तिथली हिमसरोवरं अरुंद दऱ्यांत, गोट्यांच्या बांधामागे साठलेली असतात.

पिशवीतल्या नमुन्यावरून माझ्या मातीचा वर्ग सांगाल का?

नाही सांगता येत. पिशवीत वरच्या वीतभराची माती असते. तिच्यावरून नत्र, स्फुरद, पालाश, सामू, ईसी, कर्ब कळतो. वर्गासाठी माणूस उभा राहील एवढा खड्डा लागतो, दीड मीटर खोल. त्याची एक भिंत उन्हाकडे ठेवायची, चाकूने खरवडून ताजी करायची आणि वरून खाली वाचायची. रंग कुठे बदलतो, चुनखडीचे खडे किती खोलीपासून लागतात, चकाकणारी बाजू कुठे दिसते, ओल कुठे सुरू होते, हे सगळं टेप लावून लिहून घ्यायचं. चुनखडी ओळखायला पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात, फसफसलं की चुना आहे.

खड्डा एप्रिल-मेमध्ये काढा, भेगा उघड्या असतात तेव्हा. काढताना वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. बुजवताना खालची आधी, वरची नंतर. उलट झालं तर रानात तेवढा चौकोन चार वर्षं पिवळा दिसतो आणि बायको विचारते, हे कुणी केलं.